फिलिप लाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन फुटबॉलबद्दल गप्पा निघाल्या की बेकेनबाउअर, म्युलर, क्लोजे, नॉयर ही नावं आपसूक येतात. लामचं नाव जरा उशिरा येतं, आणि ते घेतलं की पुढचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी लामचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो.

थोडक्यात सांगा, लाम कोण?

म्युनिकचा फुलबॅक, म्हणजे बचावफळीत कडेला खेळणारा. बायर्न म्युनिक आणि जर्मनी या दोन्ही संघांचा कर्णधार. 2014 चा विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली जर्मनीने जिंकला. देशासाठी 113 सामने आणि 5 गोल, बायर्नसाठी 517 सामने. 8 वेळा बुंडेसलीगा (जर्मनीची मुख्य लीग), 6 वेळा जर्मन कप आणि 2013 मध्ये युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग. एवढ्या सगळ्यात लाल कार्ड एकही नाही.

नाव ‘लाम’ की ‘लाह्म’?

लाम. जर्मनमध्ये तिथला ‘ह’ उच्चारत नाहीत, तो फक्त आधीचा ‘आ’ लांबवतो. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ लंगडा किंवा मंद असा होतो. इतका चपळ खेळाडू आणि असं आडनाव! चाहत्यांनी दिलेलं टोपणनाव मात्र शोभणारं होतं, ‘जादुई बुटका’.

तो बायर्नमध्येच लहानाचा मोठा झाला का?

जवळजवळ. जन्म 11 नोव्हेंबर 1983, म्युनिकचा. शहराच्या गेर्न भागात एफटी गेर्न नावाचा छोटा क्लब आहे. लामच्या घरातली मंडळी पिढ्यान् पिढ्या त्या क्लबशी जोडलेली, आई तिथल्या मुलांच्या संघांचं कामकाज बघायची. तोही तिथेच खेळायला लागला. बायर्नच्या माणसांनी त्याला हेरलं आणि अकराव्या वर्षी तो बायर्नच्या युवा विभागात गेला. बायर्नचे सामने तेव्हा ऑलिम्पिक स्टेडियमवर व्हायचे आणि तिथे तो बॉलबॉय म्हणून रेषेबाहेर उभा राहायचा.

पुढे बायर्नच्या दुसऱ्या फळीच्या संघात हेरमान गेरलांड हे प्रशिक्षक त्याला लाभले. कडक शिस्तीचे, फटकळ बोलणारे, पण गुण ओळखण्यात तरबेज. पोरगा लहानखुरा आहे म्हणून बाकीचे साशंक असताना गेरलांड त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिले. मुख्य संघाकडून पहिला सामना मिळाला 13 नोव्हेंबर 2002 रोजी, एकोणिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. चॅम्पियन्स लीगमध्ये फ्रान्सच्या लांसविरुद्ध 3-3 अशा बरोबरीत सुटलेल्या त्या सामन्यात तो अगदी शेवटच्या क्षणी मैदानात आला.

मग तो स्टुटगार्टला कसा गेला?

बायर्नमध्ये जागाच नव्हती. उजव्या बाजूला विली सान्योल, डाव्या बाजूला बिक्सांत लिझाराझू, दोघंही फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातले. एकोणीस वर्षांच्या मुलाने किती दिवस बाकावर बसायचं? 2003 मध्ये त्याला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला उसना दिला. तिथे फेलिक्स मागाट प्रशिक्षक होते आणि संघात कुरान्यी, ह्लेब, हिंकेल अशी तरुण पोरं होती. त्या मोसमात स्टुटगार्टने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला 2-1 असं हरवलं. लाम तिथे नियमित खेळू लागला आणि 18 फेब्रुवारी 2004 रोजी क्रोएशियाविरुद्ध स्प्लिटमध्ये देशासाठी उतरला. त्याच वर्षीच्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत जर्मनी गटातच गारद झाली, पण या पोराचं नाव झालं.

दुसरं वर्ष मात्र दुखापतींनी खाल्लं. आधी पायाचं हाड आणि ते बरं होतंय तोवर 2005 च्या मे महिन्यात गुडघ्याचा लिगामेंट. बायर्नमध्ये परतला तो कुबड्यांच्या सोबतीनेच म्हणा ना.

उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बाजूला कशासाठी?

कारण स्टुटगार्टमध्ये मोकळी जागा डावीकडे होती. इतकं साधं कारण! पण त्यातून जे निघालं ते फार मोलाचं होतं.

नेहमीचा डाव्या पायाचा लेफ्ट-बॅक (डावीकडचा फुलबॅक) चेंडू घेऊन रेषेलगत पुढे धावतो आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर पास, टाकतो. समोरच्या बचावपटूला त्याचीच सवय असते. लाम रेषेलगत धावण्याचा आव आणायचा आणि अचानक आत वळायचा. आत वळला की चेंडू थेट त्याच्या बलवान पायावर. आता तो फटका मारेल, पास देईल की आणखी आत शिरेल, काहीच सांगता येत नाही. त्याचे गाजलेले गोल आठवून पाहा : 2006 मध्ये कोस्टारिका, 2008 मध्ये तुर्कस्तान, 2012 मध्ये ग्रीस. तिन्ही वेळा तो डावीकडून आत आला आणि उजव्या पायाने चेंडू जाळ्यात गेला.

उजवी बाजू त्याला स्वतःला अधिक आवडायची. 2009 मध्ये लुई व्हान खाल बायर्नला आल्यावर त्यांनी त्याला तिकडे नेलं आणि पुढे आर्यन रॉबेनबरोबर त्याची जोडी जमली. रॉबेन डाव्या पायाचा, तो उजवीकडून आत कापायचा, आणि त्याच्या मागून बाहेरच्या अंगाने लाम पुढे निघून जायचा. दोघांपैकी कुणाच्या मागे जायचं हे प्रतिस्पर्ध्याला ठरवेपर्यंत काम झालेलं असायचं.

2006 च्या विश्वचषकातल्या त्या गोलाची इतकी चर्चा का होते?

तो स्पर्धेचा पहिलाच गोल होता आणि तो लामच्या जन्मगावात झाला. 9 जून 2006, म्युनिक, जर्मनी विरुद्ध कोस्टारिका. सहाव्या मिनिटाला लाम डावीकडून आत आला आणि त्याने उजव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात असा वळणदार फटका मारला की चेंडू खांबाला चाटून आत गेला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेदहाही वाजले नव्हते, कित्येकांची जेवणं चालू होती.

स्पर्धेआधीच्या एका सराव सामन्यात त्याच्या डाव्या कोपराला दुखापत झाली होती, शस्त्रक्रिया करावी लागली होती. हाताला आवरण बांधून तो खेळत होता. जर्मनीत त्या वेळी आपल्या संघावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. त्या एका फटक्याने देशाचा मूडच पालटला. पुढे उपांत्य फेरीत इटलीने जादा वेळेत हरवलं आणि जर्मनी तिसरी आली. सातही सामन्यांतली सगळीच्या सगळी 690 मिनिटं खेळलेला जर्मनीचा एकमेव खेळाडू लाम होता. कोपर दुखावलेला असताना!

2008 मध्ये तुर्कस्तानचा गोल त्याच्याच चुकीमुळे झाला होता ना?

हो, झाला होता. आणि लाम समजून घ्यायचा असेल तर मी हाच सामना बघायला सांगेन.

25 जून 2008, बाझेल, युरोची उपांत्य फेरी. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. व्हिएन्नात, जिथून प्रक्षेपण व्हायचं तिथे वादळ झालं आणि उत्तरार्धात जगभरातल्या पडद्यांवरचं चित्र पुन्हा पुन्हा जात होतं. आम्ही काळ्या पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो.

79व्या मिनिटाला क्लोजेने जर्मनीला 2-1 असं पुढे नेलं. 86व्या मिनिटाला तुर्कस्तानचा साब्री लामला चकवून रेषेलगत निघाला, त्याने चेंडू आत दिला आणि सेमिहने तो जवळच्या खांबापाशी वळवला. 2-2. लाम सपशेल फसला होता. असा बचावपटू उरलेला वेळ सहसा मागे राहून काढतो. पुन्हा चूक नको, बस.

लाम त्यानंतर चौथ्याच मिनिटाला प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोर होता. डावीकडून चेंडू घेऊन आत आला, सहकारी हिट्झल्सपर्गरला दिला, तसाच पुढे धावत राहिला, परत घेतला आणि गोलरक्षक रुश्तूच्या जवळच्या बाजूने वर मारला. 90वं मिनिट, 3-2. गोल केल्यावरचा त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यावर आनंदापेक्षा सुटका जास्त होती.

चारच दिवसांनी अंतिम सामन्यात स्पेनच्या तोरेसने त्याला मागे टाकून सामन्यातला एकमेव गोल केला. मध्यंतरानंतर लाम मैदानात उतरलाच नाही. हेही सांगायला हवं. बचावपटूच्या चुका अशाच असतात, एका पावलाचा उशीर आणि समोर चषक दुसऱ्याच्या हातात.

केवळ 1.70 मीटर उंची. बचावात चालून कसं गेलं?

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा आईवडील विचारतात, कारण मुलाला कुणीतरी ‘तू बुटका आहेस, पुढे खेळ’ असं सांगितलेलं असतं.

लामने उंचीची उणीव अंतर ओळखून भरून काढली. विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा खेळाडू, चेंडू घेऊन आला की तो अंगावर धावून जात नसे. हात-दीड हात अंतर राखून, शरीर तिरकं ठेवून, मागे सरकत राहायचा. शरीर तिरकं असलं की समोरच्याला एकच वाट मोकळी दिसते, आणि ती वाट आपण ठरवलेली असते. तो त्या वाटेने निघाला, चेंडू पायापासून थोडा सुटला, की त्या क्षणी लामचा पाय तिथे. झेपावून, घसरत टॅकल करायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची. जमिनीवर पडावं लागणं म्हणजे आधी कुठेतरी चुकलंय, हे त्याचा खेळ पाहताना मला कळत गेलं.

दुसरी गोष्ट, त्याचा गुरुत्वमध्य खाली होता. वळायला त्याला पाऊलभर जागा पुरायची. सहा फुटी बचावपटूला तेवढ्यासाठी दोन पावलं लागतात. विंगरची सगळी भिस्त त्या फरकावर असते आणि लामपुढे तो फरक उरतच नसे. उंच क्रॉसवर तो कमी पडायचा, ते नाकारून उपयोग नाही. पण म्हणूनच क्रॉस येऊच नये यासाठी त्याची सारी धडपड असे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे त्याच्याबाबतीत अगदी अक्षरशः.

कारकिर्दीत एकही लाल कार्ड नाही, हे खरं?

खरं. आणि हा सभ्यपणाचा भाग आहे असं मला वाटत नाही, ते कौशल्य आहे. वेळेवर पोचणाऱ्याला पाडापाडी करावी लागत नाही.

बालाककडून त्याने कर्णधारपद हिसकावलं का?

‘हिसकावलं’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. मे 2010 मध्ये इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा तेव्हाचा कर्णधार मिशाएल बालाक जायबंदी झाला आणि विश्वचषकाला मुकला. प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी लामला कर्णधार केलं, विश्वचषकात जर्मनीचं नेतृत्व करणारा तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला. दक्षिण आफ्रिकेत संघ सुंदर खेळला. इंग्लंडला 4-1, अर्जेंटिनाला 4-0, मग उपांत्य फेरीत स्पेनकडून 0-1. स्पर्धा चालू असतानाच लाम जाहीरपणे म्हणाला की कर्णधारपदाचा हा दंडपट्टा आपल्याला स्वतःहून सोडायचा नाही. बालाक तेव्हा संघाबाहेर दुखणं काढत होता, त्यामुळे ते बोलणं अनेकांना झोंबलं. वेळ चुकली, असं मलाही वाटतं. बालाक पुन्हा जर्मनीकडून खेळला नाही आणि पट्टा लामकडेच राहिला.

जर्मनीला कर्णधार म्हटला की छाती पुढे काढून ओरडणारा, सहकाऱ्यांना फैलावर घेणारा माणूस लागायचा. एफेनबर्ग, कान, बालाक ही ती परंपरा. लाम आवाज चढवत नसे. अकराही जणांनी जबाबदारी वाटून घ्यावी, असं तो मानत असे. ‘याला नेता म्हणायचं का?’ अशी टीका त्याच्यावर वर्षानुवर्षं झाली.

इतका शांत, तर मग त्याला क्लबने दंड का केला?

शांत म्हणजे गप्प नव्हे. नोव्हेंबर 2009 मध्ये बायर्न चाचपडत होता. लामने एका मोठ्या वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि सांगितलं की क्लब खेळाडू विकत घेतो, पण संघ कसा खेळणार याची आखणी त्यामागे नसते. पाण्यात राहून माशाशी वैरच ते. क्लबने जबर दंड ठोठावला. पण त्याच मोसमात संघाने लीग आणि कप जिंकला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि पुढच्या वर्षांत बायर्नने आखणी करूनच संघ बांधला. लामचं म्हणणं रास्त होतं.

2011 मधल्या आत्मचरित्रात त्याने जुन्या प्रशिक्षकांच्या सरावाच्या पद्धतींवर लिहिलं, तेव्हा त्यांच्यापैकी एक, रूडी फ्योलर, चांगलेच भडकले. त्या वेळी मात्र लामला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

बार्सिलोनाकडे जाणार होता म्हणे?

2008 मध्ये बार्सिलोनाला तो हवा होता. त्याने बायर्नबरोबर करार वाढवला. विषय संपला.

क्लबसाठी त्याचा सर्वांत मोठा दिवस कोणता?

25 मे 2013, लंडनचं वेम्बली स्टेडियम. बायर्नने डॉर्टमुंडला 2-1 असं हरवलं, 89व्या मिनिटाला रॉबेनने गोल केला आणि लामने चॅम्पियन्स लीगचा चषक उंचावला. लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच मोसमात जिंकणारा बायर्न हा पहिला जर्मन क्लब.

पण त्या दिवसाचं मोल कळायला 19 मे 2012 आठवावा लागतो. स्वतःच्याच मैदानावर अंतिम सामना, समोर चेल्सी, 88व्या मिनिटाला ड्रोग्बाची बरोबरी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हार. बायर्नची पहिली पेनल्टी लामने घेतली होती आणि गोल केला होता. तो कर्णधार होता, शहर त्याचं होतं, स्टेडियम त्याचं होतं. ती रात्र पचवून वर्षभरात पुन्हा अंतिम फेरी गाठायची याला काय लागत असेल?

गार्डिओलाने त्याला मिडफिल्डमध्ये (मधल्या फळीत) का हलवलं?

पेप गार्डिओला 2013 मध्ये बायर्नला आले तेव्हा थियागो, हावी मार्टिनेझ, श्वाइनश्टायगर आलटून पालटून जायबंदी होते. बचावफळीच्या पुढे चेंडू वाटणारा माणूस हवा होता. लामला तिथे उभं केलं आणि तो तिशीच्या उंबरठ्यावर जणू जन्मभर तिथेच खेळल्यासारखा खेळला. आपण शिकवलेल्या खेळाडूंत लामइतका हुशार बहुधा दुसरा नाही, असं गार्डिओला म्हणाले.

त्याहून महत्त्वाचा बदल वेगळाच होता. लाम आणि डाविड अलाबा हे दोघं फुलबॅक असतानाही, चेंडू बायर्नकडे असला की ते रेषेजवळ न राहता आत, मैदानाच्या मध्यात येऊ लागले. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. चेंडू गमावलाच तर प्रतिहल्ल्याची मधली वाट आधीच अडलेली असायची, आणि कडेला रिबेरी-रॉबेनना एकास एक खेळायला जागा मिळायची. आज फुलबॅक आत सरकताना सगळीकडे दिसतात. बुद्धीने फुलबॅक खेळता येतं, हे त्या दोन मोसमांनी अनेकांना दाखवलं.

2014 च्या विश्वचषकात त्याला मिडफिल्डमध्ये खेळवणं ही ल्योव यांची चूक होती का?

माझ्या मते, हो. मिडफिल्डमध्ये लाम वाईट नव्हता, पण त्यामुळे उजवी बाजू पंगू झाली होती. पोर्तुगालला 4-0 हरवलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. घानाशी 2-2 झाल्यावर कुजबुज सुरू झाली. अल्जीरियाविरुद्ध राइट-बॅकला खेळणारा मुस्ताफी जायबंदी झाला आणि लाम आपल्या जागेवर परतला. पुढे फ्रान्सला 1-0, बेलो होरिझोंतेत ब्राझीलला 7-1, आणि 13 जुलैला माराकानावर अर्जेंटिनाला जादा वेळेत 1-0. गोट्झेचा 113व्या मिनिटाचा गोल. आपल्याकडे सामना रात्री साडेबाराला सुरू झाला होता, संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते.

मग लगेच राष्ट्रीय संघातून निवृत्ती? वय 30 तर होतं!

18 जुलैला, पाचच दिवसांनी. निर्णय त्याने मोसमातच घेऊन ठेवला होता. बायर्नमधूनही तो असाच गेला. फेब्रुवारी 2017 मध्ये क्लबसाठीचा 500वा सामना खेळून त्याने मोसमाअखेर थांबत असल्याचं सांगितलं, करार एक वर्ष शिल्लक असताना. क्लबमध्ये संचालकपदाची बोलणी चालली होती, तीही त्याने थांबवली. 20 मे 2017 रोजी फ्रायबुर्गविरुद्ध शेवटचा सामना खेळला. त्या वर्षी त्याला जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं गेलं आणि राष्ट्रीय संघाचा मानद कर्णधारही केलं.

बॅलन डी’ओर कधीच का नाही मिळाला?

वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा हा पुरस्कार बचावपटूंना फार क्वचित मिळतो. बेकेनबाउअर, झामर, कान्नावारो, झालंच. 2014 मध्ये विश्वविजेत्या कर्णधाराला पहिल्या तिघांतही जागा नव्हती : रोनाल्डो, मेस्सी, नॉयर. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

सध्या तो काय करतो?

2024 ची युरो स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा तिचा संचालक तोच होता. मुलांचं शिक्षण आणि खेळ यांसाठी 2007 मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली. तिचं काम जर्मनीत आणि दक्षिण आफ्रिकेत चालतं.

भारताशी काही संबंध?

10 जानेवारी 2012 रोजी बायचुंग भुतियाच्या निरोपाचा सामना दिल्लीत झाला, तेव्हा भारतासमोर बायर्न म्युनिक होता आणि लाम त्या संघाचा कर्णधार होता. तो सामना बायर्नने 4-0 ने जिंकला.

त्याचा वारस कोण?

बायर्नमध्ये त्याच्या जागी योशुआ किमिश आला. तोही उंचीने बेताचा, तोही फुलबॅक आणि मिडफिल्ड दोन्हीकडे चालणारा. पण किमिश मनातून मिडफिल्डर आहे. लाम कुठेही खेळला तरी मनातून बचावपटूच होता.

त्याचे सामने पाहायचे तर काय पाहू?

गोलांच्या चित्रफितींत तो सापडणार नाही. पूर्ण सामना लावा आणि दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त लामकडे बघा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा आहे, मान किती वेळा वळवून मागे पाहतो, विंगर हलण्याआधी त्याचं पाऊल कुठे पडतं. सुरुवात 2014 च्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्याने करा, तो उजवीकडे परतला तो सामना. मग 2013 चं वेम्बली. आणि त्यानंतर तुर्कस्तानचा सामना, 86व्या मिनिटापासून शिट्टी वाजेपर्यंत.